जांभळ्या धोतरांची मॅट्रिक

प्लेगमुळे आमची मॅट्रिकची परीक्षा दोनदा पुढे ढकलली. तिसऱ्या खेपेला ती नांदेड शहराबाहेर एका आमराईत घ्यायचं ठरलं. औशाकडच्या आमच्या गावाहून निघताना वडील म्हणाले, "या टायमाला बी न्हाई झाली, तर वह्या ठिवायच्या अन् नांगर धरायचा." बोलता बोलता त्यांनी बैलाच्या पाठीवर अशी थाप मारली, की जणू आमची जोडी ठरलीच.

नांगर धरण्यात मला कमीपणा वाटत नव्हता. पण मला मॅट्रिक व्हायचं होतं आणि जमल्यास निजामी राजवटही उलथायची होती. म्हणून बंडीच्या अस्तरात मी बारा पत्रकं शिवून घेतली होती, जांभळ्या शाईने स्वतः लिहिलेली. परीक्षा संपली की ती नांदेडात वाटायची. पहिलं वाक्य होतं : खरं बोलायला भिणारा माणूस अर्धा गुलाम असतो. सापडलो असतो तर परीक्षेतून नाव कटलं असतं आणि वर तुरुंग.

आमराईच्या तोंडाशी चुलीवर भला मोठा हंडा उकळत होता. लग्नात वरण शिजवतात, तसला. परीक्षेचे साहेब नाकावर कापराचा रुमाल बांधून ओरडले, "सब कपड़े उतारो! पिस्सू कपड़ों में रहते!" साहेब कायद्याचे पक्के. आधी त्यांनी स्वतःची पांढरी शेरवानी आणि पायजमा हंड्यात टाकायला लावला आणि लुंगी नेसून खुर्चीवर बसले. हे कुणी मला आधी सांगितलं असतं तर!

"बंडी राहू द्या," हंड्यापाशी कपडे उकळणाऱ्या परटाला मी म्हणालो, "थंडी वाजते."

"या उन्हात?" त्याने लांब काठीने बंडी उचलली आणि बुडवली.

लिंबाच्या पाल्याच्या पाण्याने आंघोळ करून आम्ही सगळे पंचा गुंडाळून रांगेत बसलो. थोड्या वेळाने किनवटचा माझा दोस्त कानाशी पुटपुटला, "लेका, हंडा निळा होऊन राहिला की!"

निळा नव्हे, जांभळा. परटाने काठीने धोतरं काढून फांद्यांवर टाकली. एकूण एक जांभळी. मग साहेबांचा पायजमा निघाला. कोवळ्या वांग्याचा रंग. त्याच्यामागून माझी बंडी आली आणि अस्तरातून कागदाचा लगदा गळू लागला.

"ये किसका काम है?"

"गप बस," दोस्त म्हणाला. "अक्षर एक ऱ्हायलं न्हाई. कुणाला कळतंय?"

पण पहिलं वाक्य मला पाठ होतं. मी उठलो. एका हाताने पंचा धरला, दुसऱ्याची मूठ वळली. "साहेब, ती पत्रकं माझी! या जुलमी—"

"बैठो!" साहेबांनी लगद्याकडे पाहिलं, पायजम्याकडे पाहिलं, मग आपल्या तंबूकडे. वीस दिवस ते बायकापोरांना सोडून तिथे राहत होते. तक्रार लिहिली असती तर परीक्षा पुन्हा थांबली असती, आणि तंबू काही सुटला नसता. "कायके पत्रकां? ये जामुन का दाग है."

"साहेब, ही तर आमराई आहे."

"मैं जामुन बोला तो जामुन! और एक बात बोला तो तेरे को पर्चा नै मिलता."

डोक्यावर कैऱ्या लोंबत होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. मग मला बैल आठवला.

"जामुन," मी म्हणालो.

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. अर्ध्या तासाने आम्ही सगळे ओल्या जांभळ्या धोतरांत पेपर लिहीत होतो, आणि वांगी पायजम्यातले साहेब चार हातांवरून पहारा करत होते.

पत्रकं मी पुढे पुन्हा लिहिली. पहिल्या वाक्यापाशी हात अडखळला, पण ते बदललं नाही. वाक्य खरंच होतं. कमी पडलो होतो तो मी.

निकाल लागला. मी पास झालो. वडिलांनी बैलाला दुसरा जोडीदार आणला.