आम्ही तिघी आणि तिची अम्मा

मॅट्रिक होऊन इतकी वर्षं झाली तरी आम्ही तिघी एकमेकींना धरून आहोत, याचं लोकांना कौतुक वाटतं. आमच्या वेळी मुलींच्या मैत्रीला आयुष्यच नसायचं. लग्न झालं की एक मंगळवेढ्याला, एक पुण्याला, आणि मग कधी लग्नाकार्यात गाठ पडली तर ओळख लागायलाही वेळ लागायचा. तुमचं कसं टिकलं, असं कुणी विचारलं की आम्ही हसून काहीतरी सांगतो. खरं कारण आमची चौथी. ती मॅट्रिकचा निकाल लागायच्या आधीच गेली होती.

सोलापुरात शाळेत आम्ही चौघी एका बाकावर बसायचो. एक मी. दुसरी मुसलमान घरातली, फटकळ आणि मायाळू. तिचं पुढे ट्रकांचा धंदा असलेल्या घरात लग्न झालं, म्हणून आम्ही तिला ट्रकवाली म्हणायला लागलो. तिसरी शाळेतच शिकवायला लागली आणि लग्नाच्या भानगडीत पडली नाही, ती मास्तरीणबाई. चौथी पूर्व भागातल्या तेलुगू विणकराच्या घरची. त्या घरात शाळेत इतकं पुढे गेलेली ती पहिली मुलगी. मागाच्या खडखडाटात वाढल्यामुळे ती मोठ्यानेच बोलायची. वर्गात कुजबुजली तरी पहिल्या बाकापर्यंत ऐकू जायचं, आणि शिक्षा चौघींना व्हायची. मला तेलुगू थोडंफार समजतं ते तिच्यामुळेच.

परीक्षा संपली तशी मी आजोळी माढ्याला गेले. ट्रकवालीही गावाला गेली होती. मास्तरीणबाई सोलापुरातच होती, पण तिलाही कळलं ते सगळं उरकल्यावर. मुदतीचा ताप होता म्हणे. आमच्यापैकी कुणीच तिला आजारी पाहिलं नाही, गेल्यावरही पाहिलं नाही. आमच्या डोळ्यांपुढे ती शेवटच्या पेपरानंतर शाळेच्या दाराशी उभी राहून मोठमोठ्याने बोलत होती, तशीच राहिली.

त्या वर्षी संक्रांतीला सिद्धेश्वराची, म्हणजे गड्ड्याची जत्रा भरली तेव्हा तिच्या अम्माने थोरल्या मुलाला आम्हा तिघींच्या घरी पाठवलं. जेवायला या, एवढाच निरोप. आम्ही भीतभीतच गेलो. अम्माने सकिनालू केले होते, तांदळाच्या पिठात तीळ घालून हाताने कडी वळून तळलेले. पाट चार मांडलेले होते. चौथ्या पाटासमोरच्या ताटातही तिने सगळं वाढलं. आम्ही खाली मान घालून जेवलो. निघताना ती प्रत्येकीच्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, "पुढच्या गड्ड्याला या बिड्डा." बिड्डा म्हणजे बाळ.

मग दरवर्षीच गेलो. लग्नं झाली, पोरं झाली. गड्ड्याला माहेरी यायचा रिवाज होता, त्यामुळे सासरी फार कारणं द्यावी लागायची नाहीत. मला मोहोळला दिलं होतं, यष्टीने काय तो तासाभराचा रस्ता. अम्माच्या घरात तोवर यंत्रमाग आले होते, पण तिने स्वतःचा एक हातमाग ठेवला होता आणि त्यावर आमच्यासाठी साड्या विणायची. एकाच काठाच्या चार. तीन आम्हाला द्यायची, चौथी पेटीत ठेवायची.

पहिली काही वर्षं ती "माझी लेक असती तर" असं म्हणायची. पुढे कधीतरी तिच्या बोलण्यातलं ते "असती तर" गळून गेलं. नेमकं कोणत्या वर्षी, ते आम्हाला तिघींना आठवून आठवून सापडलं नाही. मला मुलगी झाल्याचं सांगितलं तेव्हा अम्मा म्हणाली, "तिला पण मुलगीच झाली की." मास्तरीणबाईला नोकरी लागली तेव्हा म्हणाली की माझ्या लेकीच्याही मनात नोकरी करायचं आहे, पण नवरा ऐकत नाही. दुष्काळाच्या वर्षी आम्ही लाल ज्वारीच्या भाकरीबद्दल कुरकुर करत होतो, तर अम्मा सांगत होती की तिच्या गावाला तर विहिरीसुद्धा आटल्या, लई वाळलीय पोरगी. ती हे सहज सांगायची, ताटात वाढता वाढता. तिचा थोरला मुलगा उंबऱ्यात उभा असायचा. तो आमच्याकडे बघायचा आणि आम्ही अम्माला हो म्हणायचो.

भीती मला अम्माची कधी वाटली नाही. भीती वाटायला लागली ती आमचीच. एका वर्षी जेवून गड्ड्यातून चालताना ट्रकवाली म्हणाली, "तिचं नवऱ्याशी पटत नसणार बघ. ती कुठं ऐकून घेणारी होती?" मास्तरीणबाई म्हणाली, "पण माणूस वाईट नाही." दोघी खरोखरीच्या काळजीने बोलत होत्या. मी थांबले. ट्रकवालीने मागे वळून विचारलं, "काय बघलालीस?" मी झपझप चालत त्यांना गाठलं. त्या नवऱ्याचा चेहरा मलाही दिसत होता. काळासावळा, जाड भिवयांचा.

त्यानंतर दोनेक वर्षांनी मी माझ्या मुलीला बरोबर नेलं. तिला सोळावं लागलं होतं आणि मैत्रिणींच्या गोष्टी ऐकून ती मागेच लागली होती. आम्ही आत शिरलो. अम्मा मागावर बसली होती. तिने मान वर केली आणि माग थांबवला. ती मुलीकडे बघत राहिली. मग उठली, मुलीला समोर बसवलं, तिची वेणी सोडली, तेल लावलं, दोन वेण्या घातल्या आणि रिबिनी बांधून वर वळवल्या, आम्ही शाळेत घालायचो तशा. मुलगी शांत बसून राहिली होती. घरी मला केसाला हात लावू द्यायची नाही.

त्या दिवशी चौथं ताट माझ्या मुलीसमोर आलं. निघताना अम्माने पेटीतली साडी काढून तिच्या हातात दिली आणि मला म्हणाली, "हिला ताप आला तर मला कळव." ट्रकवालीने माझा दंड धरला. बाहेर आल्यावरही बराच वेळ सोडला नाही.

ताप आला तो होळी झाल्यावर. आधी वाटलं उन्हाचा असेल. उतरेना तेव्हा मोहोळच्या डॉक्टरांनी टायफॉईड सांगितला, गोळ्या लिहून दिल्या, धीर दिला की आता यावर औषध आहे. पण मुलगी डोळे उघडेना, बरळायला लागली. माझ्या सासूबाईंना साडीचं माहीत होतं. त्यांनी ती कपाटातून काढली आणि गोठ्यात नेऊन टाकली. "मेलेल्या पोरीचं लुगडं घरात आणलंस तू," म्हणाल्या.  मलाही तेच वाटत होतं.

अम्माला मी कळवलं नव्हतं. मास्तरीणबाईला मात्र निरोप धाडला होता, सोलापूरच्या मोठ्या डॉक्टरांना विचारून ठेव म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळच्या यष्टीने मास्तरीणबाई आली आणि तिच्या मागे अम्मा. म्हातारी उन्हात दारात उभी राहिली. पायात चप्पल नव्हती. सासूबाई उंबऱ्यात आडव्या आल्या.

"आमच्या घरात नगं बया," त्या म्हणाल्या. "तुजी पोर तुज्या मागं येतीया."

अम्माला मराठी चांगलं कळायचं. ती रागावली नाही. म्हणाली, "व्हय, येती. म्हणून तर आले मी."

सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. माझे यजमान शाळेत शिकवायला गेले होते, विचारायला कुणी नव्हतं. मी पुढे झाले आणि अम्माचा हात धरून तिला आत आणलं. का ते आजही नीट सांगता येणार नाही. मुदतीच्या तापातलं पोर कसं धरायचं, हे त्या घरात तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, एवढंच त्या क्षणी मनात आलं असेल.

त्यानंतर अम्मा मुलीच्या पायाशी बसली ती उठलीच नाही म्हणायला हरकत नाही. कपाळावर पट्ट्या ठेवायची, चमच्याने पाणी पाजायची, गोळीची वेळ चुकू द्यायची नाही. मधूनमधून खोलीच्या कोपऱ्याकडे बघून हळू आवाजात तेलुगूत बोलायची. त्या कोपऱ्यात धान्याची कणगी होती, दुसरं काही नव्हतं. पाणी दे, पाय चेप, जरा बाजूला सर, असलीच घरातली वाक्यं. मी खोलीत येता-जाता कोपऱ्याला वळसा घालून जायला लागले होते. ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं, सासूबाईंनी पाहिलं. त्याही वळसा घालूनच जात होत्या.

एका दुपारी मुलीला दरदरून घाम सुटला. अंथरूण भिजलं. मी कपाळाला हात लावला तर गार. हात गार, पाय गार.  अम्माने दोन्ही पावलं आपल्या मांडीवर घेतली आणि घासायला लागली. तिचा चेहरा मी तोवर असा पाहिला नव्हता. तिने हे गार पडणं आधी एकदा पाहिलं होतं, मी नव्हतं पाहिलं. घासता घासता तिने कोपऱ्याकडे मान वळवली.

"पो बिड्डा," ती म्हणाली. "नुव्वु पो."

जा बाळा. तू जा.

तिने ते दोनदा म्हटलं. आवाज चढवला नाही. दारातल्या सासूबाई खाली बसल्या. त्यांना तेलुगूचं एक अक्षर कळत नव्हतं, तरी त्यांनी पदर तोंडाला लावला. अम्मा मग पुन्हा खाली बघून पावलं घासत राहिली आणि त्यानंतर तिने कोपऱ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

ताप उतरला होता. इतकंच झालं होतं. संध्याकाळी मुलीने डोळे उघडून पेज मागितली. डॉक्टर म्हणाले गोळ्या लागू पडल्या, आणि तेच खरं असणार. आमच्या चौथीच्या वेळी ती गोळी सोलापुरात मिळाली नव्हती. अम्माने हे डॉक्टरांकडून दोनदा विचारून घेतलं. तेव्हा खरंच नव्हती का, की होती आणि आम्हाला माहीत नव्हती? डॉक्टर तरुण होते. त्यांनी सांगितलं की त्या काळात फार दुर्मीळ होती. अम्माने मान हलवली.

ती परत निघाली तेव्हा सासूबाईंनी स्वतः चहा केला आणि तिला स्टँडवर सोडायला स्वतः गेल्या. वाटेत काय बोलणं झालं ते त्यांनी मला सांगितलं नाही. गोठ्यातली साडी त्यांनीच धुवून, वाळवून पुन्हा कपाटात ठेवली.

पुढच्या गड्ड्याला आम्ही तिघी गेलो, तर पाट तीनच होते. आम्ही बसलो.  अम्माने वाढलं आणि समोर बसून पहिल्यांदाच सांगायला सुरुवात केली. ताप कसा आला, किती दिवस अंगावर काढला, वैद्य काय म्हणाला, शेवटच्या सकाळी तिने आमची तिघींची नावं घेऊन कुठे आहेत म्हणून विचारलं. इतक्या वर्षांत हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. सांगून झाल्यावर अम्मा म्हणाली, "पोयिंदी." गेली. तिच्या तोंडून हा शब्द आम्ही तोवर ऐकला नव्हता. थोरला मुलगा उंबऱ्यातून वळून बाहेर निघून गेला. ट्रकवाली ताटावरच रडायला लागली. अम्माने तिला गप्प केलं, लहान मुलाला करतात तसं पाठीवर थोपटून.

अम्मा त्यानंतर बरी झाली, असंच म्हणायला हवं. शेजारणींत बसायला लागली, नातवंडांवर ओरडायला लागली. आम्हाला प्रत्येकीला आमच्याच घरची खुशाली विचारायची, त्यात दुसरं कुणाचं काही नसायचं.

बिघडलं ते आमचं. त्या दिवशी आम्ही अम्माच्या घरून निघून गड्ड्यात आलो. पाळणे फिरत होते, बांगड्यांच्या दुकानांत बायकांची झुंबड होती. आम्ही तिघी गर्दीत एकमेकींचे हात धरून नुसत्या उभ्या राहिलो. इतकी वर्षं ती कुठेतरी होती. तिला नवरा होता, मुलगी होती, विहीर आटलेलं गाव होतं. त्या दुपारी ती आमच्यासाठी गेली, मॅट्रिकच्या उन्हाळ्यात गेली नव्हती. चाळिशीच्या घरात पोचलेल्या बायका आम्ही, घरी जाऊन कुणाला सांगणार की आज आमची शाळेतली मैत्रीण वारली? मी मोहोळला परतले आणि बरेच दिवस माझं कशात लक्ष लागेना. यजमान विचारायचे, मी पाठ दुखते म्हणायचे.

अम्मा पुढे दहाएक वर्षांनी गेली, झोपेत, कुणाला त्रास न देता. आम्ही तिघी तिच्या दहाव्याला गेलो होतो. सासूबाईही आल्या होत्या, त्यांनीच हट्ट धरला.

माझ्या मुलीला मी एकदाच विचारलं, तिचं लग्न झाल्यावर. तापातलं काही आठवतं का? ती म्हणाली, फारसं नाही. पायाशी दोघी जणी बोलत बसल्या होत्या, ते बरं वाटत होतं. मग एकदम एकीचा आवाज थांबला, तेव्हा तिला एकटं वाटलं होतं. दुसरी म्हणजे तूच असशील ना, असं तिने मला विचारलं. मी हो म्हणाले.

अम्माच्या मागे आम्ही मास्तरीणबाईच्या घरी जमायला लागलो, संक्रांतीच्याच दिवसांत. आता तिघीही म्हाताऱ्या झालो. औषधं, सुना, कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, हेच विषय. गेल्या खेपेला बोलता बोलता ट्रकवाली म्हणाली, "तिचे पण गुडघे लई दुखतात म्हणे. जिना चढवत नाही."

कुणाचे, ते मी विचारलं नाही. मास्तरीणबाई म्हणाली, "तेल लावायला सांग तिला." आणि चहा टाकायला आत गेली.