बहिणीची बारा पानं

सुखदेव काकांची कादंबरी मी टाइप केली. त्यामुळे पुढं जे झालं त्यातला थोडा दोष माझाही आहे, हे आधीच सांगून टाकते. मागून कोणी तोंडावर म्हणण्यापेक्षा हे बरं.

माझं दुकान मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या बसस्टँडजवळ आहे. टायपिंग, झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म. पाटी हिंदीत, कारण अर्ज हिंदीत. मराठी टायपिंग निघतं ते लग्नाच्या पत्रिकांपुरतं आणि विहारातल्या सूचनांपुरतं. अशा दुकानात एक दिवस काका नऊ वह्या घेऊन आले आणि म्हणाले, "मोनाली, एक बी अक्षर इकडचं तिकडं करू नको बरं."

काका म्हणजे आमच्याकडच्या वाचनालयातून निवृत्त झालेला माणूस. हुद्दा शिपायाचा. पण चौतीस वर्षं कुलूप त्यांनीच उघडलं, झाडू त्यांनीच मारला, पुस्तकं त्यांनीच दिली आणि फाटलेल्या पुस्तकांना घरून लई, म्हणजे पिठाची खळ, करून आणून त्यांनीच चिकटवलं. स्वभावानं गरीब, पण पुस्तकातलं पान कापलेलं दिसलं की माणूस पेटायचा. परीक्षेच्या पुस्तकातली दोन पानं ब्लेडनं कापून नेणाऱ्या एका बाबूला त्यांनी दोन वर्षं पायरी चढू दिली नव्हती. "कापाचंच आहे तं माहा कान काप," असं भर वाचनालयात म्हणाले होते.

कादंबरी त्यांच्याच घराची. बाप सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर पाटलाच्या शेतात राबणारा. आजोबा विदर्भातून संत्र्याच्या बगीच्यात कामाला आले ते इथलेच झाले. मग तो दुष्काळ, राहतचं काम, म्हणजे सरकारी रस्त्याची गिट्टी फोडणं, आणि घरातली उपाशी माणसं. प्रत्येक प्रकरणात वेगळा माणूस 'मी' म्हणून बोलतो. आजोबा, बाप, आई, स्वतः काका, त्यांची धाकटी बहीण, पाटील. एवढंच नाही, पाटलाचा ढवळ्या बैलसुद्धा एक प्रकरण बोलतो.

चाळीस पानं टाइप करून मी कावले. म्हटलं, "काका, एखाद्या पानावर कोणाले तरी हसू द्या ना."

"हसलो असतो तं लिहिलं असतं," काका म्हणाले.

पुस्तक नागपूरला छापून आलं. प्रत्येक प्रतीत काकांनी एक पोस्टकार्ड घातलं. पत्ता माझ्या दुकानाचा, वर बारीक अक्षरात 'आपला अभिप्राय कळवावा'. ती कार्डं घालायला मीही बसले होते. कोण लिहितंय हल्ली, असं म्हणून मी त्यांची थट्टाही केली.

पण लोकांनी लिहिलं! मोहगावच्या विनायक गुरुजींनी लिहिलं, 'कोण बोलतो आहे हे कळायला दोन पाने जातात, प्रकरणावर नाव द्यावे.' तिगावचे नत्थूजी, रेल्वेतून निवृत्त, त्यांनी लिहिलं की बैलाचं प्रकरण वाचून दोन घास कमी जेवलो. एका बाईनं लिहिलं, एवढं दुःख घरात ठेवायला नको म्हणून पुस्तक माहेरी देऊन टाकलं. एकानं विचारलं, पाटलाला बोलायला जागा कशाला दिली. दुसऱ्यानं लिहिलं, पाटलाचंच प्रकरण खरं वाटलं, बाकीचे रडतच असतात. काका एकेक कार्ड मला मोठ्यानं वाचायला लावायचे. शिव्या असल्या तरी चेहरा खुललेला.

एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. बहिणीचं प्रकरण. त्यात तिसरीतली मुलगी आपली पाटी भावाच्या मांडीवर ठेवते, 'दादा, तू शीक, मी गिट्टी फोडते' म्हणते आणि आईच्या मागं राहतच्या कामावर जाते. बारा पानांचं प्रकरण. ते टाइप करताना मीही रडले होते, खोटं कशाला बोलू. अशी बहीण नशिबानंच मिळते, असं तर निदान वीस कार्डांवर असेल.

ती बहीण म्हणजे विजयमाला आत्या, पांढुर्ण्याला राहायची. नवरा नव्हता. सून प्रणाली जवळ होती. मूत्रपिंडं निकामी झालेली, आठवड्यातून दोनदा गाडीनं नागपूरला डायलिसिसला जायची. काकांना वीस कार्डांचं काही नव्हतं. त्यांना आत्याचं कार्ड हवं होतं. पहिली प्रत त्यांनी तिलाच पाठवली होती, कार्डासकट. रोज दुकानात यायचे आणि विचारायचे, "पांढुर्ण्याचं काही आलं का?"

महिना झाला. शेवटी एक दिवस मी वैतागून म्हटलं, "काका, आत्याले वाचता येते का?"

काका स्टुलावर बसले ते बसलेच. माणूस चौतीस वर्षं दुसऱ्यांना पुस्तकं देत होता, बहिणीच्या मनातलं बारा पानं लिहीत होता, आणि तिसरीतून काढलेल्या पोरीला पन्नास वर्षांनी काय वाचता येणार, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. पुस्तकात ती इतकं छान बोलत होती ना! मलाही ते कार्ड घालताना सुचलं नव्हतं, तेव्हा मी कोणत्या तोंडानं बोलू.

"तिच्या कानावर तं पडाले पायजे," काका म्हणाले. "तिनं बरं म्हटलं का झालं माहं. बाकी कोणी काही म्हणो."

तो वर्षावासाचा काळ होता. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात. पांढुर्ण्याच्या विहारात ते प्रणालीकडं होतं. त्या वर्षी ग्रंथ नऊ दिवस आधीच संपला. काकांनी प्रणालीला फोन करून करून पिच्छा पुरवला आणि उरलेल्या नऊ संध्याकाळी त्यांची कादंबरी वाचायचं ठरलं. बहिणीचं प्रकरण सहाव्या दिवशी आलं. त्या दिवशी दुकान बंद करून मी काकांबरोबर बसनं पांढुर्ण्याला गेले. वाटेत त्यांनी तीनदा चष्मा पुसला.

विहारात पन्नासेक बाया होत्या. आत्या भिंतीला टेकून बसलेली, पाय सुजलेले. पदर पुढं ओढून ऐकत होती. प्रणाली छान वाचते. पाटी मांडीवर ठेवायची जागा आली तेव्हा बाया डोळे पुसायला लागल्या आणि एकेक करून आत्याकडं बघायला लागल्या. शेजारची म्हणाली, "धन्य आहे बाई तुही." दुसरीनं तिच्या पायाला हात लावला.

आत्यानं पाय आखडून घेतला. भिंतीचा आधार घेत उठली आणि प्रकरण चालू असतानाच बाहेर गेली.

आम्ही मागोमाग घरी गेलो. आत्या चुलीजवळच्या पाटावर बसली होती. काका दारातच उभे. विचारायची हिंमत होईना, पण विचारल्याशिवाय राहवतही नव्हतं.

"कसं वाटलं, माला?"

"बैलाचं चांगलं लिहिलं तू," आत्या म्हणाली. "ढवळ्या तसाच होता. आता त्याले तं विचाराची सोय नोती. मले विचारता आलं असतं ना दादा. तासाभराची तं बस आहे."



"मी पाटी देली नोती. तुही फुटली होती म्हणून तू माह्या हातातून हिसकून घेतली. मी पायरीवर बसून दिवसभर रडली. मायनं उचलून नेलं मले कामावर. तुले याद नाही?"

मी काकांकडं पाहिलं. त्यांना आठवत होतं, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. नऊ वह्यांत ते कुठंच नव्हतं. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की उठून एकटीनंच बस पकडावीशी वाटली.

"सगळे बोलले तुह्या पुस्तकात," आत्या म्हणाली. "पाटील बोलला. बैल बोलला. मीच नाही बोलली." तेवढ्यात वाचन अर्धवट सोडून प्रणाली आली. तिला म्हणाली, "मामाले चहा ठेव वो."

तिथून काकांची दैना सुरू झाली. एक दिवसाआड पांढुर्ण्याची बस. हातात नवी कोरी वही. दुसरी आवृत्ती काढतो म्हणायचे, तुझं प्रकरण तुझ्या तोंडचं घालतो. पहिल्या आवृत्तीचे गठ्ठे माझ्या दुकानात छतापर्यंत पडून होते, पण मी जीभ आवरली. आत्या त्यांना बसवायची, चहा द्यायची, नागपूरच्या गाडीतल्या गर्दीचं सांगायची, तुरीच्या डाळीचं सांगायची. वही उघडली की गप्प. इकडं तिची तब्येत उतरत चालली होती. डॉक्टरांनी प्रणालीला बाजूला घेऊन सांगितलं होतं. काकांना ते कळलं तेव्हापासून ते रोज जायला लागले.

एकदा मी सोबत होते. काका अक्षरशः हात जोडून बसले होते. "माला, एकडाव सांग. शिव्या देल्या तरी लिहतो. तुह्याशिवाय मले कोणाच्या अभिप्रायाचं काही नाही. सांग ना वो."

आत्याला बोलताना दम लागत होता. ती म्हणाली, "दादा, पाटी गेली, शाळा गेली. त्या दिवसाचं जे आहे ते माह्याजवळ तेवढंच आहे. तेबी नेऊन राहिला का तू?"

काकांनी वही मिटली. परतीच्या बसमध्ये ते खिडकीकडं तोंड करून बसले आणि लोधीखेड्याचा की कुठला, एक प्रवासी जागा मागत होता तरी त्यांना ऐकू आलं नाही. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. राग गेला नव्हता, तरी ठेवला.

पुढच्याच आठवड्यात आत्या गेली. नागपूरहून परत येताना, गाडीतच. प्रणालीच्या खांद्यावर डोकं होतं, तिला वाटलं डोळा लागला.

विहारात तिच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. दोन दिवसांनी काका दुकानात आले. खिशातून ब्लेड काढलं, पट्टी घेतली, जमिनीवर बसले आणि गठ्ठा सोडला. पहिली प्रत उघडली. पट्टी ठेवून शिवणीलगत एकेक पान कापायला लागले. सहा कागद, बारा पानं. मग दुसरी प्रत.

"काका, काय करून राहिले तुमी हे?" मी त्यांचा हात धरला. "लोकायले हेच प्रकरण आवडलं. पुस्तकात दुसरं आहे काय?"

"सोड."

"अजी पण मी रात अन् दिवस एक करून टाइप केलं ते!"

"सोड, मोनाली." असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. मी हात सोडला.

पान कापणाऱ्याला पायरी चढू न देणारा माणूस चार दिवस माझ्या दुकानात बसून पानं कापत होता. काप मात्र सरळ. धंद्याचा हात होता. गिऱ्हाईक विचारायचं, हे काय चाललंय, मी म्हणायचे, रद्दी. एकदा बोट कापलं. मी चिंधी बांधली. चिंधी बांधल्या हातानं पुन्हा बसले. कापलेली पानं त्यांनी घरी नेली. त्यांचं काय केलं ते मी विचारलं नाही.

कापलेल्या प्रतीही विकल्या गेल्या, थोड्याफार. बरेच दिवस कार्ड आलं नाही. वाचणाऱ्यांना काही कळलंच नसावं, असं मला वाटायला लागलं. सात जण बोलतात तिथं एक कमी झाला तर कोणाला काय!

मग गेल्या सोमवारी एक कार्ड आलं. छिंदवाड्याहून, कोण्या तेजस्विनीबाईचं, सुवाच्य अक्षर. काका समोरच बसले होते, म्हणून नेहमीसारखं मोठ्यानं वाचलं.

'पुस्तक आवडले. परंतु आमच्या प्रतीत पान १४६ नंतर एकदम पान १५९ येते. मधली पाने कोणी तरी कापलेली दिसतात. आधीच्या प्रकरणांत एक लहान बहीण आहे, ती शाळेत जाते. पुढे ती कुठेच दिसत नाही. तिचे पुढे काय झाले ते कृपया कळवावे.'

काकांनी कार्ड मागून घेतलं. डोळ्यांजवळ नेऊन स्वतः वाचलं, मग पुन्हा वाचलं. "उत्तर द्याव लागीन," म्हणाले. मी ड्रॉवरमधून कोरं कार्ड काढलं. पेन पुढं केलं तर त्यांच्या बोटांत धरवेना. म्हणाले, तूच लिही, मी सांगतो.

मी नाव लिहिलं, नमस्कार लिहिला आणि थांबले. बाहेर पांढुर्ण्याची बस लागली होती. कंडक्टर गावाचं नाव घेऊन ओरडत होता. ती सुटेपर्यंत काका तिच्याकडं बघत राहिले.

"लिही," ते म्हणाले. "तिचं पुढं काय झालं, ते मले मालूम नाही."