धाग्यांची उघडझाप

"दिलीप गेला, भाऊजी," त्याची बायको मेधा फोनवर म्हणाली आणि मी विचारलं, "कुठे?" साकीनाक्याच्या माझ्या कारखान्यात स्प्रिंगा वळणारं मशिन चालू होतं. मी ते बंद केलं, मग तिनं पुन्हा सांगितलं... कॉलेजच्या जिन्यात कोसळला, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. मी "बरं" म्हणालो. मशिन परत चालू केलं आणि हातातलं काम पुरं केलं. याला पाच आठवडे झाले. रडू अजून आलेलं नाही.

आम्ही दहिसरच्या एकाच चाळीतले, दोघांचेही वडील गिरणी बंद पडून घरी बसलेले. मी दहावीनंतर कामाला लागलो, दिलीप भौतिकशास्त्राचा प्राध्यापक झाला. एकदा कारखान्यात येऊन म्हणाला, "राजा, तुझ्याकडची सगळ्यात मऊ स्प्रिंग दे." ती हलवत सांगू लागला, डीएनएचे दोन धागे अशाच स्प्रिंगांनी जोडलेत असं धरायचं. उष्णतेनं ते थरथरतात, मध्येच एखाद्या जागी उघडतात, परत मिटतात. कुठे उघडतील, किती वेळ, हे त्याला गणितानं काढायचं होतं.

"काढून काय करणार?"

"कळेल ना रे!"

त्याचा शोधनिबंध छापून आला आणि काही महिन्यांनी त्याला स्वतःचीच चूक सापडली. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आली नव्हती. त्यानं आपणहून कळवून निबंध मागे घेतला. बढती हुकली. मी भडकलो, "गप्प बसायचं ना यार! स्वतःची वाट लावून घेतलीस."

"धागा तसा उघडत नाही रे," तो म्हणाला. "मी काय करू?" आणि त्यानं सगळं पहिल्यापासून मांडायला घेतलं. मी महिनाभर त्याच्याशी बोललो नाही. हे आठवतं, पण दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं.

तेराव्यानंतर मेधाचा फोन आला. "त्यांच्या खोलीतला कॉम्प्युटर अजून चालूच आहे. बंद करू?" मी गेलो. पडद्यावर आकडे सरकत होते, त्यानं नव्यानं मांडलेलं गणित अजून चालू होतं. मशिन तापू नये म्हणून दिलीपनं शेजारी टेबलफॅन लावून ठेवला होता, तोही चालूच होता. "राहू दे," मी म्हणालो.

गेल्या रविवारी पुन्हा गेलो, तर आकडे थांबलेले.

"काय आलं उत्तर?" मेधानं विचारलं.

मी पहिली ओळ वाचली, शेवटची वाचली. दोघांनाही काही कळेना. त्याची एक विद्यार्थिनी येऊन बघणार आहे. मेधानं कॉम्प्युटर बंद केला. मग तिचा हात पंख्याच्या बटणापाशी गेला... आणि तसाच मागे आला.

"असू दे," ती म्हणाली.