पुस्तकात नसलेलं उत्तर

यंदा आठवीच्या विज्ञानाची चाचणी मी पुस्तक उघडं ठेवून घेतली. प्रश्न एकच होता: मैदानातली माती पाणी जास्त धरते की बागेतली, ते करून बघा आणि लिहा. मुली डबे, गाळण्या घेऊन पांगल्या. कायम पहिली येणारी वैशाली मात्र पायरीवर बसून पानं उलटत राहिली. तिचे डोळे भरून आले होते.

“बाई, याचं उत्तर पुस्तकात नाहीये.”

“नाहीच आहे. माती तिकडे आहे.”

ती उठली. तिनं दोनदा पाणी ओतून पाहिलं, दोन्ही वेळा वेगळंच दिसलं. शेवटी तिनं लिहिलं, ‘मला नक्की सांगता येत नाही. पुन्हा करून बघावं लागेल.’

ती ओळ मी बराच वेळ वाचत बसले. इतक्या वर्षांत असं कुणी लिहिल्याचं आठवेना. लिहिलं असतं तर मी शून्यच दिलं असतं आणि मुलींना ते ठाऊक होतं.

मी पूर्ण गुण दिले. दुसऱ्या दिवशी वैशाली पेपर घेऊन टेबलापाशी आली आणि हळूच म्हणाली, “बाई, हे चुकून दिलेत का?”