अस्वल झाडावरच राहिलं

अहेरीच्या सलीमभाईंच्या दुरुस्तीच्या दुकानात बिघडलेल्या अडॅप्टरांचा एक खोका आहे. कामाचे नसतात, पण फेकवत नाहीत. आमचे किस्सेही तसेच साठत गेले.

गेल्या वर्षी सुधा, माझी बायको, गेली. अंगणवाडीतल्या मुलांना सांगितलेल्या गोष्टी ती मोबाईलवर रेकॉर्ड करायची. पुण्याला नोकरी करणारी आमची मीरा म्हणाली, "एकेक पाठवू नका, बाबा. मला घरी बसल्यासारखं ऐकायचंय." म्हणून घरचा इंटरनेटचा राऊटर आणि सुधाचा मोबाईल घेऊन मी सलीमभाईंकडे गेलो.

*

त्यांनी राऊटर उलटापालटा केला. "भाऊ, हे एका खोलीचं घर हाय. पाहुणा कुठी झोपवता?"

"मग?"

"पडवी काढू." त्यांनी मागे पेनड्राइव्ह खोचला, त्यावर गोष्टी भरल्या आणि राऊटरचा कारभारही तिथेच हलवला. गोष्टी वाजवणारं सॉफ्टवेअर कंटेनरमध्ये बसवलं, मीराला पुण्याहून आत यायला व्हीपीएन, म्हणजे घरापर्यंतची खासगी वाट. "कंटेनर म्हंजे डबा. भाजी सांडली तरी डब्यातच सांडते."

एवढ्यात धक्का लागून चहा कीबोर्डवर सांडला.

"ह्याले डबा नव्हता," ते म्हणाले.

*

मुलचेऱ्याकडचे वसंतभाऊ धान पिकवतात. त्यांनीही हैदराबादच्या मुलासाठी तसंच करवून घेतलं. व्हीपीएन लावलं की इंटरनेटला मुलगा गावीच दिसायचा, आणि ऑफिसात बसल्या बसल्या त्याला धानाच्या खताच्या जाहिराती यायला लागल्या.

वसंतभाऊ खूश. "जाहिरातीवाल्यायले समजलं तो कोणाचा पोरगा हाय. त्याले कवा समजन?"

*

आलापल्लीचे मडावीभाऊ निवृत्त वनरक्षक. माझ्याकडे चहाला आले, राऊटरमागे पेनड्राइव्ह लटकलेला दिसला, गाणी भरायला घेऊन गेले. पेनड्राइव्ह निघताच राऊटर सगळं विसरून कोरा झाला. सुधाचा मोबाईल तोवर कायमचा बंद पडला होता आणि गोष्टींची दुसरी प्रत काढायची राहून गेली होती.

मी आणि सलीमभाई आलापल्लीला पोचलो.

"भाऊ, तुम्ही यांची पडवी खिशात घालून आणली," सलीमभाई म्हणाले. मग हळूच, "तिच्यात कायी केलं तर नाई?"

"लॅपटॉपनं इंग्रजीत कायतरी विचारलं. मले समजलं नाई, मी नाई म्हटलं. पूर्ण नोकरीत न समजलेल्या कागदावर सही केली नाई, आता काऊन करू?"

लॅपटॉपनं विचारलं होतं, सगळं पुसून टाकू का.

सलीमभाईंनी तिथेच दोन प्रती काढल्या.

*

परवा दुपारी मी आणि मडावीभाऊ दुकानात बसलो होतो. मीराचा फोन आला. स्पीकर चालू होता.

"बाबा, गोष्ट मधेच थांबली. अस्वल मोहाच्या झाडावर चढलं आणि आईचा आवाजच गेला."

"लाइट गेली, बेटा. घरचा राऊटर बंद पडला." आमच्या डोक्यावरचा पंखा आता फक्त दुकानाच्या बॅटरीवर फिरत होता.

सलीमभाईंनी तीच बॅटरी सोडवली, उचलली आणि माझ्या घराची किल्ली मागितली. पंखा थांबला.

"अहो, दुकान?"

"गिऱ्हाईक थांबन, भाऊ." ते निघालेसुद्धा.

"मग ठेवते, बाबा," मीरा म्हणाली. मडावीभाऊंनी माझ्या हातातून फोन घेतला.

"बेटा, मी मडावीकाका. फोन नको ठेवू. अस्वल उलटं उतरते, मागचे पाय आधी. त्याले वेळ लागतेच."