कोरीटचे बटणबहाद्दर

शर्टाच्या बटणाला या जगात कुणी खरी किंमत दिली असेल, तर ती आमच्या दाजींनी. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या अक्काचे यजमान, कोरीट गावचे. बाकीच्यांचं बटण शर्ट बंद करायला असतं, दाजींचं उडवायला. ओट्यावर गोधडी पसरायची, हातभर अंतरावर कप ठेवायचा आणि कोटाच्या मोठ्या बटणाने बारक्या बटणाची कड दाबायची, की ते टुणकन कपात! याला इंग्रजीत टिडलीविंक्स म्हणतात, असं मी एकदा सांगितलं, तर म्हणाले, "म्हनोत. मन्हासंगे खेळाले येई का कोनी?" नवापूरपासून सुरतेपर्यंत आपल्याला जोड नाही, हे ते छातीठोकपणे सांगत. तिकडे हा खेळच कुणी खेळत नाही, ही गोष्ट वेगळी.

खुंटीवर पाहुण्याचा शर्ट दिसला की त्याचं एक बटण गुल झालंच म्हणून समजा. लेकीच्या सोयरिकीला आलेल्या व्याह्यांचा कोटसुद्धा सुटला नाही. बिचारे पोटावर हात ठेवूनच जेवले. दाजींच्या स्वतःच्या शर्टाला तर एखादंच बटण उरलेलं असे. रोज दुपारी दाजी आणि अक्काचा डाव होई आणि हरेल त्याने चहा करायचा, असा घरचा कायदा. लग्न झाल्यापासून चहा अक्काच करत आली होती.

गेल्या हिवाळ्यात दाजींच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. जीव वाचला, पण हात नुसता पडून राही. "हाताला काम द्या," डॉक्टर म्हणाले. दाजी मात्र भिंतीकडे तोंड करून झोपत. मी भेटायला गेलो, तर त्यांच्या शर्टाला गळ्यापर्यंत सगळी बटणं!

अक्काने खाटेवर कप ठेवला आणि बटण उडवलं. ते नेमकं आत पडलं. "आते चहा तुम्ही करा," ती म्हणाली.

दाजी खवळले. "माले खेळू तं दे!"

उजव्या हाताच्या अंगठ्याने त्यांनी कड दाबली. बटण उडालं आणि खाटेखाली पडलं. दाजी हरले होते, पण बटण उडालं होतं! अक्का पदरात तोंड लपवून रडत हसत होती. मग भिंत धरत दाजींनी चहा केला. निम्मी साखर ओट्यावर, निम्मी पातेल्यात. तो पाक मी दोनदा मागून प्यालो.

तेव्हापासून अक्का त्यांना जिंकू देत नाही. मी म्हटलं, "अक्का, एकदा तरी जिंकू दे ना त्यासले." तर म्हणते, "जिंकनात तं चहा कोन करी? हात कसा चाली?"

परवा कोरीटहून निघालो, तर बसच्या खिडकीतून गार वारा थेट छातीला लागला. पाहतो तो शर्टाचं वरचं बटण नाही. चांगलं दुहेरी दोऱ्याने शिवलेलं होतं ते. तोडायला अंगठ्यात जोर हवा. इतकं हायसं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. त्या जागी दुसरं बटण लावायचं अजून माझ्या जिवावर येतं.