मागितली तरी देऊ नको

“कारीगर, ऊठ. चहा झाला, गप्पा झाल्या, आता ऊठ.”

नाना हे दुसऱ्या कुणाला म्हणत नसत, स्वतःलाच म्हणत. मांडीवर दोन थापा मारायचे आणि उठायचे. जेवायला बसले तरी, “कारीगर, पोळी दोनच.” तुमच्याही ओळखीत स्वतःशी बोलणारं एखादं माणूस असेल, पण ते बहुधा कुरकुरत असतं. नाना स्वतःला हुकूम सोडत आणि तो पाळला गेला नाही की स्वतःवरच खवळत.

मूळचे शिरपूरकडचे. सुरतेतल्या नवागाम वस्तीतल्या खोलीतून सायकलने कारखान्यात यायचे. सुरतेत आल्यापासून त्यांनी आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याचे माग चालवले, एका वेळी आठ. मी त्याच कारखान्यात कापड तपासते. काचेच्या टेबलाखाली दिवा असतो, वरून कापड सरकतं आणि मी त्यातले दोष शोधते. त्यामुळे कारीगर मला पाठीमागे सासू म्हणतात. तोंडावर ताई.

मागांच्या खडखडाटात नानांचे कान कधीच अधू झाले होते. पण मागाच्या चौकटीवर तळवा टेकला की त्यांना सगळं कळायचं. आठांपैकी एक बंद पडला तर पाठ फिरवलेली असतानाही वळून धावायचे. बंद माग म्हणजे कारीगराची लाज, असं त्यांचं मत होतं. कुणी ते खोडून काढायला गेलं नाही, कारण त्यांचे माग बंद दिसायचेच नाहीत.

मग शेठने शेजारच्या शेडमध्ये धोटा नसलेले नवे माग बसवले. हे माग धागा तुटला की आपण होऊन थांबतात आणि वर लाल दिवा लागतो. जुने माग बंद करून ठेवले होते, ते भंगारात जायचे होते. शेठ नानांना म्हणाला, “काका, एक महिनो. शीखी जाव.” नाही जमलं तर काय, ते त्याने सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. उतारवयातल्या कारीगराला दुसऱ्या कारखान्यात कुणी नवा माग शिकवत बसणार नव्हतं. उरलं असतं गाव, आणि गावाला त्यांचं कुणी नव्हतं.

नाना नव्या मागांना सूनबाई म्हणायला लागले. “जरा धागा तुटला की रुसून बसतात.” आणि रुसलेली सून नानांना बघवत नसे. दिवा लागला रे लागला की धावत जाऊन बटण दाबायचे. तुटलेला आडवा धागा आत तसाच राहायचा आणि माग पुढे विणत सुटायचा. पहिल्या आठवड्यात त्यांच्या कापडात हात-हात अंतरावर पट्टे होते. मी ते सगळे लिहून वर पाठवले. माझं कामच ते.

एरवी माझ्या टेबलाशी कुणी कारीगर फिरकत नाही. नाना आले. “सुनेचं गाऱ्हाणं घेऊन सासूकडेच आलो,” म्हणाले. मी दिवा लावला आणि कापड ओढलं. पहिला पट्टा, दुसरा, तिसरा. ते प्रत्येक पट्ट्यावर बोट फिरवत राहिले. शेवटी रागावले की तोंडात यायची ती अहिराणी आली, “काय करी ऱ्हायना तू, कारीगर?” मग माझ्याकडे वळून हळू म्हणाले, “ताई, ही खोड सुनेची नाही. माझ्या हाताची आहे.”

दुसऱ्या दिवसापासून दिवा लागला की नाना दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे. “कारीगर, हात मागे. आधी बघ.” बघून झालं की हात सोडायचे. पोरं विचारायची, “नाना, पोलीस आले का?” नाना हसत नसत. आतल्या आत चाललेली ओढाताण त्यांच्या दंडांवर दिसायची.

पट्टे कमी झाले, पण नानांचं मन ठिकाणावर नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत गायब व्हायचे. एकदा मी जुन्या शेडमध्ये डोकावले. बंद मागाच्या चौकटीवर तळवा टेकून उभे होते. तिथून परत आले की तासभर त्यांच्या कापडात पुन्हा पट्टे, हे मला टेबलावर दिसत होतं. मी सरळ सांगितलं, “नाना, हे भंगारात जाणार आहेत. तुम्हीही बरोबर जाताय का?” चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पाचव्या दिवशी त्यांनी वॉचमनला गाठलं. जुन्या शेडला कुलूप लाव आणि किल्ली तुझ्याकडे ठेव, म्हणाले. “मी मागितली तरी देऊ नको.”

त्याच दुपारी त्यांनी ती मागितली. वॉचमन बिहारचा, शब्दाचा पक्का. त्याने दिली नाही. नानांनी त्याची सात पिढ्यांपर्यंत चौकशी केली. शेठचं नाव घेतलं, मग विनवणी केली. तो आपला, “आपने ही मना किया था, चाचा.” दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी नाना फाटकापर्यंत गेले, तंबाखूची पुडी त्याच्या हातात ठेवली आणि किल्ली न मागता परत आले.

आता नाना इथे नाहीत. पुढे ते आपण होऊन सुरतेबाहेर सचिन गावच्या कारखान्यात गेले, ह्याहून वेगाच्या मागांवर. कुणी सांगितलं नव्हतं, महिन्याची मुदत नव्हती. जाताना माझा निरोपसुद्धा घाईत घेतला.

पण मला आठवतो तो भंगाराचा टेम्पो आला तो दिवस. महिना भरत आला होता. कुलूप निघालं, दार सताड उघडलं. घणाचे घाव बसायला लागले तसे जुने कारीगर अंगणात जमले. एक-दोघांनी डोळे पुसले. नाना दिसेनात म्हणून मी नव्या शेडमध्ये बोलवायला गेले. ते मागाच्या मागच्या बाजूला वाकले होते. मी कानाशी जाऊन ओरडले, “नाना, तुमचे माग निघाले. बघायचं नाही का?”

त्यांनी मान वर केली नाही.

“ताई, इकडे धागा तुटलाय.”

त्या धाग्याची गाठ दोन दिवसांनी माझ्या टेबलावर आली. खाली दिवा असूनही मला ती शोधावी लागली.